रुमालीच्या नळ्यांचं वय

वळवी सिस्टर यंत्र घेऊन दारात आल्या, तसा दिवल्याने उंबऱ्यावर पाय आडवा टाकला.

"या घरात पुन्हा सुई नको. माझी बायको तुमच्याच सुईने गेली."

"मोगरीवहिनींच्या रक्ताच्या नळ्यांचं वय तेव्हा ब्याऐंशी झालं होतं, भाऊ. मी नकोच म्हणत होते. तुम्हीच पाया पडलात."

हे खरं होतं, म्हणून तो जास्तच भडकला. "निघा म्हणतो ना!"

तेवढ्यात त्याच्या पायाखालून त्याच्या लेकीने, रुमालीने, हात बाहेर काढला आणि मनगट यंत्रावर ठेवलं. सिकलसेलच्या, रक्ताच्या आजाराच्या, पोरांना हे शिकवावं लागत नाही.

यंत्र बोललं, "मूल नऊ वर्षांचं. नळ्या एकोणसाठ वर्षांच्या."

"बाबा, मी तर आजोबांएवढी झाले!" रुमाली खिदळली.

सिस्टर हसल्या नाहीत. "सुई नळ्या आतून सांधते, पण साठीच्या आतच. साठी उलटली की त्या सुईनेच फाटतात. गेल्या वर्षी तुम्ही मला हाकललंत. आज हाकललंत, तर पुन्हा येण्यात अर्थ नाही."

दिवल्याला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. मग त्याने उंबऱ्यावरचा पाय बाजूला घेतला.

"आधी तिला तांब्याभर पाणी पाजा," तो गुरगुरला. "तिची आई पाजायची. आणि हिला काही झालं, तर मोगरीच्या शेजारी तुम्हाला पुरीन."

"पुरा," तांब्या उचलत सिस्टर म्हणाल्या. "पण आता हिचा हात धरा. सुई फार दुखते."