नऊशे कमी

"पंखा चालतो का?" आईने विचारलं.

घरमालकिणीने बटण दाबलं. पंखा कुरकुरत फिरू लागला.

"चालतो म्हणजे, चालवून घ्यावा लागतो," आई म्हणाली.

मुलगी खोली न्याहाळत होती. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली, कोपऱ्यात ओटा, आतच न्हाणीघर. दोन महिन्यांत तिने पाहिलेली ही अकरावी खोली. आधीच्या दहाही एक तर राहण्यासारख्या नव्हत्या, नाहीतर भाडं ऐकूनच जिना उतरावा लागला होता. इथलं भाडं साडेआठ हजार. अनामतीची रक्कम तिने दोन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवली होती. प्रश्न दर महिन्याचा होता.

"साडेपाचला दुसरे येणार आहेत बघायला," घरमालकीण म्हणाली. "घाई करत नाही मी. आपलं सांगून ठेवलं."

मुलगी ओट्याला टेकली आणि लॅबच्या चिठ्ठीमागे आकडे मांडू लागली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. कितीही धुतलं तरी नखांतली गुलाबी भुकटी जात नसे. पगार अठरा हजार चारशे. त्यातून भाडं, विजेचे सहाशे, बसचे अकराशे, जेवणाचे तीन हजार, घरी द्यायचे पाच हजार.

"दोनशे उरतात!" ती म्हणाली.

आईने चिठ्ठी घेतली, हात लांब करून वाचली. "यात गॅस कुठाय?"

"पाचशे धर."

"साबण, तेल?"

"तीनशे."

"आणि फोन फुकट चालतो वाटतं तुझा?"

मुलीने आणखी तीनशे लिहिले. आईने मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे नऊशे कमी."

"आई, तू मदतीला आलीस की मोडता घालायला?"

"चुकलेली बेरीज सुधारली, त्याला मोडता म्हणतात होय?"

"आल्यापासून बघतेय मी. जिना अंधारा, ओटा बुटका, पंखा कुरकुरतो. मी जायलाच नकोय तुला, असं सरळ सांग ना!"

घरमालकीण किल्ल्या घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मुलीने जेवणाच्या तीन हजारांचे अडीच केले. तरीही चारशे कमीच. मग तिने पेन खालच्या आकड्यावर टेकवलं. "घरी पाचाऐवजी चार दिले तर?"

आईने त्या आकड्यावर बोट ठेवलं. "दादा तुला काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "मला म्हणेल."

मुलीने पेन उचललं. दादा कसा म्हणेल ते तिला ठाऊक होतं. जेवताना, वहिनीकडे बघून, पण आईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. आणि आई त्या दिवशी भूक नाही म्हणेल.

कुणावर चिडावं तेच तिला कळेना. दादावर, पगारावर, साडेपाचला येणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसांवर. सगळ्यात जास्त राग याचा, की आईची बेरीज बरोबर होती. अठ्ठाविसावं वर्ष सरत आलं होतं. बंगला मागत नव्हती ती. दार लावून घेता येईल अशी एक खोली, आणि तीही नऊशेवर अडली होती.

तिने चिठ्ठी चुरगळली.

"मावशी, नाही जमणार," ती गॅलरीकडे तोंड करून म्हणाली. आवाज चढला होता. "द्या त्यांना. चल गं आई."

आई हलली नाही. तिने खोलीचं दार आतून लोटून पाहिलं, कडी सरकवली, पुन्हा काढली. मग आत आलेल्या घरमालकिणीकडे वळली.

"बाई, दोघी राहिल्या तर भाडं वाढेल का?"

"दुसरी कोण?"

मुलीने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. अकराच्या अकरा खोल्या मुलीने एकटीसाठी पाहिल्या होत्या.

"मी शिवणकाम करते," आई घरमालकिणीला म्हणाली. "मशीनचा आवाज चालेल ना तुम्हाला?"