शुक्रवारचा पेला

पार्टी रद्द झाल्याचा फोन आला, तेव्हा सिपोरा कोकमाच्या सरबतात गुलाबी वाइन ओतून चव बघत होती. कोलाडच्या रिसॉर्टवर टेबलं मांडून झाली होती. ताडगोळे सोललेले होते, कैरीचं पन्हं बर्फात ठेवलं होतं. ज्या साहेबांचा वाढदिवस, त्यांचे वडील दुपारी अचानक गेले. आता कसली पार्टी आणि कसली कॉकटेलं.

एरवी तिने कपाळाला हात लावला असता. उन्हाळा म्हणजे तिच्या धंद्याची सुगी. आज मात्र तिच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हेच, की आज शुक्रवार आहे आणि ऊन अजून उतरलेलं नाही. कुणाच्या घरी माणूस गेलं आणि आपल्याला मोकळं वाटलं, याची तिला लाजही वाटली.

वाइनच्या पार्ट्या करते म्हटलं की लोकांना वाटतं, बाईची रोज दिवाळी. प्रत्यक्षात निम्मा जन्म बर्फामागे धावण्यात जातो, उरलेला परवान्यांमागे. रोह्याच्या दोन खोल्यांत पेले, बाटल्या आणि ती. नाशिकहून माल आणायचा, पाहुण्यांना शिकवायचं की पेला दांडीला धरावा, मग त्यांनी तो मुठीत धरून घटाघटा रिकामा केलेला हसतमुखाने बघायचा. आणि या सगळ्याचा वार ठरलेला. लोकांची सुट्टी सुरू होते शुक्रवारी संध्याकाळी.

तिच्या घरातही शुक्रवारची संध्याकाळच मोठी; ज्यूंचा शब्बाथ, आठवड्याचा पवित्र दिवस, तेव्हाच सुरू होतो. पेणला तिचे बाबा, एलियास, एकटे राहत. ज्यूंची घरं आता तिथे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची इस्रायलला गेली, तिचा भाऊसुद्धा गेला. दिवस मावळण्याआधी तेलाचा दिवा लावायचा, भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात भरायचं, त्यावर हिब्रू प्रार्थना म्हणायची आणि त्या एकाच पेल्यातून घरातल्या सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कोकणात वाइन कुठली मिळायला, म्हणून वाडवडिलांनी मनुकांवर भागवलं. त्यांच्या लेकीने वाइनचाच धंदा काढला, आणि आई गेल्यापासून त्या पेल्याला तोंड लावायला ती एकदाही गेली नव्हती.

बाबा आधी दर आठवड्याला फोनवर विचारत, येतेस ना? ती म्हणे, एवढा सीझन संपू दे. वर्षभरापूर्वी त्यांनी विचारणं सोडलं. म्हातारा समजूतदार झाला, असं ती धरून चालली आणि तिचा जीव भांड्यात पडला. हल्ली फोन शेजारची अनिताच उचले. मिठागरवाल्यांच्या घरची ही सून दोन्ही वेळा त्यांना जेवण देई, सगळं बरं हाय म्हणे. मधल्या वारी सिपोरा उभ्या उभ्या जाऊन येई, तेव्हा ते गोळ्यांच्या गुंगीत पडलेले असत. मग या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलं, की दृष्टी गेलीच आहे, आता आठवणही चालली; ओळखतात तोवर त्यांच्याजवळ बसून घ्या. तेव्हापासून तिला एकच हवं होतं. एक शुक्रवार. बाबांनी तिला ओळखून तिच्या हातात पेला द्यावा, बस्स.

सामान तसंच टाकून तिने गाडी काढली. हायवेवर ट्रकांची रांग होती, नागोठण्याला तर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिने वाटेत कुणाला फोन केला नाही. बाबांना अचानक समोर उभं राहून चकित करायचं होतं. घराशी पोचली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं.

दार उघडंच होतं. चप्पल काढून ती उंबऱ्याशी आली आणि थबकली. टेबलावर दिवा लागला होता. बाबा टोपी घालून उभे होते, हातात पेला घेऊन प्रार्थना म्हणत होते. समोर सिपोराच्या खुर्चीत, डोक्यावरून पदर घेऊन, अनिता बसली होती. प्रार्थना संपली तशी अनिता "आमेन" म्हणाली, अगदी आई म्हणायची तशी. बाबांनी घोट घेतला आणि पेला तिच्यापुढे धरला.

"घे गो, सिपोरा. कामधंदा टाकून दर शुक्रवारी येतेस. सुखी राहा."

अनिताची नजर दाराकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला. पेला टेबलावर ठेवून ती लगबगीने उंबऱ्याशी आली आणि सिपोराच्या कानाशी लागून सांगू लागली. वर्ष झालं, काका तिला याच नावाने हाक मारत होते. सुरुवातीला तिने सांगून पाहिलं होतं, की मी अनिता. त्या दिवशी ते पोर आली नाय, पोर आली नाय म्हणत रडत बसले, अन्नाला शिवले नाहीत. तेव्हापासून तिने नाही म्हणणं सोडलं, प्रार्थनेतले शब्दही शिकून घेतले.

"तुमची जागा घेतली मी, ताई. माफ करा," ती म्हणाली. "आता तुमी आलाव. सांगते मी काकांना."

सिपोराला रडू फुटत होतं. रागवावं तर कुणावर? तिने बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तृप्त होता. आईच्या माघारी इतका तृप्त तिने तो पाहिला नव्हता. खरं सांगितलं तर आजचा एक शुक्रवार तिचा झाला असता, आणि त्यांचे वर्षभराचे सगळे गेले असते.

"कोण हाय गो दारात?" बाबांनी विचारलं. "शब्बाथच्या सांजेला आलेल्या माणसाला बाहेर उभं ठेवू नये."

सिपोराने अनिताचा हात घट्ट दाबला, तिला खुर्चीकडे वळवलं आणि स्वतः उंबरा ओलांडून आत आली.

"मी अनिता, काका," ती म्हणाली. "शेजारची."