विदरकोम्ब घराण्याचा वारस

लॉर्ड विदरकोम्ब निपुत्रिक वारले. आता किताब आणि हवेली पुतण्या लायनलची, आणि त्यांच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या पत्नीला, लेडी विनिफ्रेडना, राहतं घर सोडावं लागणार. लायनल तर पडद्यांची मापं घ्यायला आलासुद्धा.

पण वकीलसाहेबांनी त्याला दारातच थांबवलं. "मागे राहिलेल्या पत्नीच्या पोटी मुलगा झाला, तर सगळं त्याचं. तेव्हा रिवाजाप्रमाणे नऊ महिने कळ काढायची."

"अहो, काकूंच्या वयाकडे तरी बघा."

"वयाबद्दल रिवाजात काहीच म्हटलेलं नाही."

लायनल दातओठ खात परतला. काकू इवलेसे मोजे विणायला बसल्या. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी त्यांच्या सुखरूप सुटकेची प्रार्थना गायली, तेव्हा अख्ख्या गावाने गळा मोकळा करून साथ दिली.

नऊ महिने भरले त्या सकाळीच लायनल सामानाची गाडी घेऊन हजर झाला. "काकू, मुदत संपली. आता तरी निघा."

काकूंनी कमरेमागची उशी जरा नीट केली आणि मायेने त्याच्याकडे पाहिलं.



"पहिलटकरणीचे दिवस थोडे वर जायचेच रे, लायनल."