पान बेचाळीस

हातातली तिसरी वीट फुटली, तेव्हा तज्ज्ञांना ते पत्र आठवलं.

पत्र सात वर्षांपूर्वीचं. लिहिणारा दूरच्या गावातला एक गवंडी. 'आपले पुस्तक वाचले. पान बेचाळीसवर आपण लिहिता, की पाडलेल्या भिंतीच्या विटा एक दिवस पाण्यात भिजवाव्यात, मग हातोडीने हलके टोले द्यावेत. सिमेंट आपोआप सुटते. आम्ही तीन दिवस भिजवल्या. सिमेंट सुटले नाही, विटाच फुटल्या. आपण स्वतः आजवर किती विटा अशा साफ केल्यात, ते कृपया कळवावे.'

तज्ज्ञांनी एकही केली नव्हती. पान बेचाळीस त्यांनी दुसऱ्या एका पुस्तकातून घेतलं होतं, आणि फोटोवरून तरी त्या लेखकाचाही विटेशी कधी संबंध आला असावा असं वाटत नव्हतं.

पाडलेल्या घरांचं सामान पुन्हा कसं वापरावं, यावर त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं. त्यावरून गल्लीने त्यांना तज्ज्ञ करून टाकलं. गल्लीत ते कुणी वाचलं नव्हतं, म्हणूनच ही पदवी टिकली. एक वाचक निघाला, त्याने हे विचारलं. तज्ज्ञांना ते झोंबलं. पत्र मिटून त्यांनी शब्दकोशात ठेवलं. उत्तर लिहायला ते पुष्कळदा बसले. 'आपले पत्र मिळाले, आनंद झाला' इथे पेन अडायचं, कारण आनंद झालेला नव्हता.

आता दुसरी वाचक निघाली होती. त्यांची लेक. रस्ता रुंद होणार म्हणून राहतं घर जाणार होतं. मागे उरणाऱ्या तुकड्यावर तिने दोन खोल्यांचं जोतं बांधून ठेवलं होतं. नवी वीट एकही मागवली नव्हती. "घरात तज्ज्ञ असताना विटा विकत कशाला घ्यायच्या?" असं ती सगळ्यांना सांगत हिंडली होती. पहिली भिंत उतरवून झाली होती. विटा दोन दिवस पिंपात भिजल्या होत्या. गड्यांच्या हातांतल्याही फुटत होत्या, आणि अंगणात तुकड्यांचा ढीग वाढत होता.

"सर, उगाच हात दुखवून घेऊ नका," ठेकेदार म्हणाला. "उद्या आठला मशीन आणतो. तासाभरात उरलेल्या तिन्ही भिंती भुईसपाट. राडारोडा खाणीच्या खड्ड्यात टाकून येतो."

"आणि आमच्या खोल्या?" लेकीने विचारलं.

"ते तुमच्या तज्ज्ञांना विचारा, ताई."

लेक वळली. "बाबा, खरं सांगा. तुम्ही स्वतः आजवर किती विटा साफ केल्यात?"

सात वर्षं जो प्रश्न चुकवला, तो कमरेवर हात ठेवून अंगणात उभा होता. त्याचं नाक थेट त्यांच्यासारखं होतं.

"आजच्या धरून?"

"धरून."

"तीन. तिन्ही फुटल्या."

लेक पिंपाच्या कडेला टेकली. "मग त्या जोत्यावर मी काय रचू? तुमची पुस्तकं?"

ती रचली असती तर एक खोली सहज झाली असती. पण हे बोलायची वेळ नव्हती, एवढं तज्ज्ञांनाही कळलं. ते बांधून ठेवलेल्या सामानाकडे गेले, शब्दकोशातून पत्र काढून आणलं आणि आरोपीने स्वतःच पुरावा द्यावा तसं तिच्या हातात दिलं. "हे मला आधीच कुणीतरी विचारलं होतं," ते म्हणाले. "मी कळवलं नाही."

तिने तिथेच वाचलं. मग कागद उलटला. मग बराच वेळ वाचत राहिली.

"बाबा, मागेही लिहिलंय."

"मागे?"

"तुम्ही कागद उलटलाच नाहीत?"

जन्मभर पुस्तकं उलटण्यापलीकडे काहीही न केलेल्या माणसाने हा एवढा कागद उलटला नव्हता.

मागे भिंतीचं चित्र होतं, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा. खाली लिहिलं होतं: 'चुन्यातली वीट सुटते. सिमेंटमधली सोडवूच नये. भिंत उभी असतानाच कटरने चिरावी, सहा-सहा विटांचे ठोकळे करावेत, आणि ठोकळ्यालाच वीट समजून नवी भिंत रचावी. आम्ही शाळेच्या दोन खोल्या अशा बांधल्या. अजून पक्क्या आहेत. पुढच्या आवृत्तीत घातलेत तर लोकांच्या उपयोगी पडेल. माझे नाव नसले तरी चालेल.'

लेकीने पत्र ठेकेदारापुढे धरलं. "तीन भिंती उभ्या आहेत. उद्या मशीन नको. कटर आणा."

ठेकेदाराने चित्र दोनदा पाहिलं. "हे कुणी लिहिलंय? याला म्हणतात तज्ज्ञ."

चौथ्या दिवशी दोन गड्यांनी पहिला ठोकळा उचलून जोत्यावर बसवला. तो जागचा हलला नाही. पहिल्या भिंतीचे तुकडे जमिनीखालच्या भरावात गेले. तज्ज्ञांकडे कटरवर पाणी मारायचं काम होतं. बरंचसं पाणी ठेकेदारावर पडलं.

संध्याकाळी ते लिहायला बसले. आनंद झाला, हे वाक्य या वेळी अडलं नाही. पुढे लिहिलं, 'आपण विचारले त्या वेळी एकही नाही. आपले पत्र मी आजवर अर्धेच वाचले होते, त्याबद्दल क्षमस्व.' तळाशी मोठ्या अक्षरांत 'कृपया मागे पाहावे' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. मागे दुसऱ्या आवृत्तीचं पहिलं पान काढलं. लेखकाच्या जागी गवंड्याचं नाव होतं. त्याखाली, बारीक अक्षरांत, स्वतःचं, आणि त्यापुढे: 'चुका यांच्या.'

गवंड्याचा पत्ता बदलला असेल का, ही शंका पत्र न टाकायला उत्तम कारण होती. म्हणून लेक टपालपेटीपर्यंत बरोबर आली, आणि आत पडल्याचा आवाज ऐकूनच परत फिरली.