वेळेवर येणारा

सात वाजून वीस मिनिटं झाली तरी सेलेदोनियो आला नाही.

हसिंताने अंगणातली लाल बाटली हलवून पाहिली. साखरपाणी होतं, कालच बदललेलं, एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. बाटलीच्या प्लास्टिकच्या फुलांवरून दोन चुपारोसा एकमेकांना हुसकावत होते. हे हमिंगबर्ड अंगठ्याएवढे, भांडण मात्र सख्ख्या भावांचं. त्यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ते दुसऱ्या कुणाचे तरी असणार.

तिचा नवरा सेलेदोनियो तीन वर्षांपूर्वी वारला आणि दीड महिन्याने परत आला. लाकडाच्या गिरणीत त्याच्या डाव्या हाताची करंगळी गेली होती; रोज बाटलीवर येणाऱ्या या चुपारोसाच्या शेपटीत डावीकडचं एक पीस नव्हतं. कोर्टालाही एवढा पुरावा पुरतो. शेजारीपाजारी कुणी हसलं नाही. आमच्याकडे मेलेली माणसं अशीच येतात. फादर तेवढे कुरकुरले, पण त्यांची आई चर्चमागच्या जास्वंदीवर येते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

जिवंतपणी जेवणाच्या वेळेला कधी घरात न सापडलेला हा माणूस आता रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हजर व्हायचा. सुरुवातीला तिने साखरपाण्यात मेस्कलचे दोन थेंब टाकून पाहिले. त्याने तोंड लावलं नाही. मेल्यावर का होईना, दारू सुटली, असं तिने समाधान मानलं. मग ती कॉफी घेऊन समोर बसायची आणि अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं त्याला ऐकवायची. तो हवेत जागच्या जागी थांबून ऐकून घ्यायचा. संसारात हे सुख तिला मिळालं नव्हतं.

आज त्याच्या न येण्याचा तिसरा दिवस.

बाटलीचा रंग उडालाय, त्याला दिसत नसेल, असं तिच्या मनात आलं. वर लाल दोरा गुंडाळावा म्हणून तिने शिवणाचा डबा उघडला. रीळ जागेवर नव्हतं. घरात दोघीच, ती आणि तिची मुलगी ओदिलिया. आणि ओदिलियाने आयुष्यात बटण लावलं नव्हतं. हसिंता तिच्या खोलीत गेली. रीळ उशीखाली निघालं. रिळाशेजारी लाल कागदाची पुडी होती.

पुडीत मध होता, जावयाचा फोटो होता, आणि फोटोवर चोच टेकवून लाल दोऱ्याने बांधलेला मेलेला चुपारोसा होता. निघून गेलेला पुरुष परत आणायचा तर असाच आणतात, हे गावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. हसिंताने नखाने शेपटी पसरली. डावीकडचं एक पीस नव्हतं.

मक्याच्या गरम तोर्तिया बांधलेलं फडकं छातीशी धरून ओदिलिया दारात उभी होती.

"बाजारातून आणलाय," ती म्हणाली.

"बाजारात हल्ली पिसं मोजून देतात वाटतं."

ओदिलियाने फडकं खाटेवर ठेवलं. "बाजारातले खोटे असतात, आई. चिमण्यांना हिरवा रंग फासतात. दोन आणले होते. काही उपयोग झाला नाही. मग ती औषधी पाल्यावाली बाई म्हणाली, कुठलाही चालत नाही. ज्याला रोज न चुकता घरी यायची सवय आहे, असाच लागतो."

"म्हणून बापाला?"

"बाप कुठला! पक्षी आहे तो."

"हो का? मग नुसता पक्षी तुझ्या नवऱ्याला शिकागोहून कसा ओढून आणणार ग?"

ओदिलियाने फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"धरलास कसा?"

"कांद्याच्या जाळीच्या पिशवीत."

"मला अठ्ठावीस वर्षांत सापडला नाही तो," हसिंता म्हणाली, "आणि तुला कांद्याच्या पिशवीत सापडला."

ओदिलिया एकदम रडायला लागली. "तुझा मेलाय, तरी रोज येतो. माझा फेर्मिन धडधडीत जिवंत आहे, आणि दोन वर्षं फोन उचलत नाही. तू सकाळी तिकडे बसून त्याच्याशी भांडतेस ना, ते मला इथे ऐकू येतं. मला भांडायलासुद्धा कुणी नाही. तुझ्या बाटलीवरचा एक घेतला, तर काय झालं?"

बाटलीवरचा एक. हसिंताने पुडीकडे पाहिलं. दोरा सैल होता, गाठी भलत्याच ठिकाणी होत्या, फेर्मिनचा एक कान बाहेर आला होता. ती खाटेच्या कडेला बसली, पुडी मांडीवर घेतली आणि सगळा दोरा उलगडायला लागली.

"आई, टाकू नकोस ना ग. पाया पडते."

"टाकत नाहीये. केलंच आहेस तर नीट तरी बांध. असा दोरा असल्यावर कोण येणार?"

तिने पक्ष्याचे पंख मिटवले. छातीवरचं एक पीस मधाला चिकटून उलटं झालं होतं, ते बोट ओलं करून सरळ केलं. मग फोटो नीट बसवला आणि दोरा आवळून गुंडाळायला सुरुवात केली, एकावर एक, मध्ये जागा न सोडता. ओदिलिया डोळे पुसून शेजारी बसली. बाहेर बाटलीवर ते दोघे भाऊ अजून भांडत होते.

"आता येईल ना ग तो?"

हसिंताने वेढे संपवले. "त्या पाल्यावालीने काय सांगितलं होतं? परत सांग."

"रोज घरी यायची सवय असलेला हवा."

"येईल की. पण ती सवय तुझ्या बापाला मेल्यावर लागली, पोरी."

पुडी घ्यायला पुढे केलेला ओदिलियाचा हात तिथेच थांबला. हसिंताने शेवटची गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.