बुरशीच्या शेंगा
काढणीनंतर वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा पावसात भिजल्या आणि आतल्या दाण्यांवर हिरवट बुरशी चढली. माणसांनी खाण्याजोग्या राहिल्या नाहीत म्हणून सुलक्षणानं त्या दुभत्या म्हशीला घातल्या. म्हैस खंगत गेली आणि आज सकाळी मेली. "बुरशीच्या विषानं यकृत निकामी झालं," गुरांचे डॉक्टर म्हणाले. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. म्हशीला खड्ड्यात उतरवलं, तेवढ्यात व्यापारी उरलेल्या शेंगांची पोती मागायला आला. "घाणीले देसू, अक्का. तेलमा कोन्ले काय समजस?" नवरा मान डोलवू लागला. तिनं एकेक पोतं ओढत आणलं आणि शेंगा म्हशीच्या अंगावर ओतल्या. "येडी व्हयनी का?" व्यापारी ओरडला. नवऱ्यानं फावडं उचललं. खड्डा बुजल्यावर तिनं हातांची माती झटकली आणि व्यापाऱ्याला विचारलं, "च्या पिशात का, भाऊ? पन घरमा दूध नही शे."