बाबांचा सलग आवाज

"ऐका बाबा, आता कसे सलग बोलताय!" म्हणत मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

गावच्या रेडिओ केंद्रात मी कार्यक्रम करायला शिकत होते. पहिली गोष्ट बाबांचीच केली, त्यांनी खोदलेल्या विहिरींची. बाबा तोतरे बोलायचे. चार दिवस खपून मी रेकॉर्डिंगमधली त्यांची एकेक अडखळ कापली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हात बसला तुझा."

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. कार्यक्रम लागला, शेजारी कौतुक करायला आले. बाबांनी नुसते हात जोडले.

तेव्हापासून ते घरातही बोलत नाहीत. मी पाया पडले, रडले. माझं नाव घेताना ते नेहमी तीनदा अडखळायचे. आता मला बोलवायचं असलं की टाळी वाजवतात.